डॅशबोर्डवरचा दिवा लागला: गाडी अजून किती वेळ चालवता येईल?

डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला की पहिला प्रश्न मनात येतो तो "काय बिघडलं?" हा. खरं तर त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच असतो: आपल्या हातात किती वेळ आहे? ऑइल प्रेशरचा लाल दिवा असेल तर वेळ सेकंदांत मोजायचा. इंजिन तापत असेल तर एक-दोन मिनिटं मिळतात. चार्जिंगच्या दिव्याला साधारण अर्धा तास आणि स्थिर पिवळ्या चेक इंजिनला काही दिवस. एवढा क्रम डोक्यात पक्का असला की भर रस्त्यात गडबड उडत नाही.

रंगांचा नियम तुम्हाला ठाऊक असेलच. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. पण या नियमाला अपवाद आहेत. सीट बेल्ट आणि उघड्या दाराचा दिवा लाल असला तरी काही मोडलेलं नसतं. उलट चेक इंजिनचा दिवा पिवळाच असतो, पण तो लुकलुकायला लागला की त्याला लाल समजायचं.

आधी दिव्यांचीच तपासणी

इंजिन चालू न करता चावी फक्त ऑनवर आणा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर (मॅन्युअल गाडीत क्लचवर) पाय न ठेवता बटण दाबा. काही गाड्यांत ते दोनदा दाबावं लागतं. बहुतेक सगळे इशारे एकदम पेटतात. एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वगैरे काही सेकंदांत विझतात. ऑइल, चार्जिंग आणि बहुतेक गाड्यांत चेक इंजिन हे तीन इंजिन चालू होईपर्यंत तसेच राहतात. जो दिवा या वेळी पेटतच नाही त्याच्यावर संशय घ्यायचा, कारण तो उडालेला असतो किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो. जुनी गाडी घेताना ही तपासणी टाळू नका. चेक इंजिन किंवा एअरबॅगचा दिवा सुरुवातीलाही लागत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.

ऑइलची लाल किटली

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. इंजिनमधला प्रेशर स्विच बहुतेक गाड्यांत दाब ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास किंवा त्याखाली गेला की दिवा लावतो. गरम इंजिन २,००० ते ३,००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) फिरत असताना दाब साधारण २ ते ४ बार असायला हवा. म्हणजे दिवा पेटला तेव्हा बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधला ऑइलचा थर जवळपास संपलेला असतो. "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ" हा विचार इथे सर्वांत महाग पडतो.

गाडी बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा. सपाट जागेवर ५ ते १० मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजू बघा. एक बाजू नळीला घासून वरपर्यंत ओली होते, म्हणून कमी दाखवणारी बाजू खरी धरायची. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत सुमारे १ लिटरचा फरक असतो, छोट्या इंजिनात त्याहून कमी. पातळी खाली असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घाला आणि इंजिन चालू करा. काही सेकंदांत दिवा विझला तर पुढे जा, पण ऑइल गेलं कुठे याचा शोध त्याच दिवशी घ्या.

पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर इंजिन पुन्हा चालू करू नका, गाडी टो करून न्या. स्विच खराब असू शकतो, तसाच ऑइल पंप गेलेला किंवा चेंबरमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ती टाकी) जाळी गाळाने चोक झालेलीही असू शकते. हे ठरवायचं तर स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावावा लागतो. नुसतं बघून "सेन्सर असेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दिवा फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकत असेल तर ऑइल कमी आहे. ते चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. इंजिन गरम झाल्यावर फक्त आयडलिंगला लुकलुकणं म्हणजे ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलेत. डिझेल गाडीत डिपस्टिकवरची पातळी वाढताना दिसली तरी खूश होऊ नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि असं ऑइल बदलावंच लागतं.

तापमानाचा काटा

इंजिनचं पाणी साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असतं. हा आकडा सारखा वरखाली होतो, पण काटा मधोमध ढिम्म बसलेला दिसतो. मुद्दामच तसं केलेलं असतं: बऱ्याच गाड्यांत ८० च्या आसपासपासून १०५ पर्यंत काटा एकाच जागी धरून ठेवलेला असतो, चालकाने उगाच काळजी करू नये म्हणून. त्यामुळे काटा मध्य सोडून वर सरकला की "अजून लाल पट्ट्यात कुठे गेलाय" असं म्हणण्यात अर्थ नाही. दुखणं तोवर बरंच पुढे गेलेलं असतं. काही गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल थर्मामीटर असतो. निळा असेपर्यंत इंजिन थंड आहे, तोवर रेस मारू नका.

काटा हळूहळू चढत असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओततो. जीव नकोसा होतो, पण इंजिन वाचतं. तरीही काटा लाल पट्ट्याकडे गेला, लाल दिवा लागला किंवा बोनेटमधून वाफ निघाली तर गाडी थांबवून इंजिन बंद करा. वाफ नसेल तर चावी ऑनवर राहू द्या. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा त्यावर फिरत राहतो.

झाकण मात्र उघडू नका. १ बारच्या जादा दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल झालं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं पाणी तिथल्या तिथे उकळून अंगावर उसळतं. किमान ३० ते ४५ मिनिटं थांबा. वरचा रबरी होज हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर मऊ वाटला की जाड कापड धरून झाकण सावकाश फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकू किंवा तडकू शकतं. अडचणीत साधं पाणी चालेल, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरा. कूलंट रंगावरून जुळवू नका, मॅन्युअलमधल्या प्रकारावरून जुळवा.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर इंजिन निवलेलं नाही. पाणी इतकं उतरलंय की सेन्सर कोरडा पडला आणि तो वाफेचं किंवा हवेचं तापमान दाखवतोय. अशा वेळी लगेच इंजिन बंद करायचं.

कारण शोधताना काटा केव्हा चढतो ते बघा. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, म्हणजे पंखा, त्याची रिले किंवा फ्यूज. हायवेवर चढत असेल तर रेडिएटर चोक, पाणी कमी किंवा थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप) बंद अडकलेला. काटा कधीच मध्यापर्यंत पोहोचत नसेल आणि हीटर कोमटच असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी चालते, पण पेट्रोल-डिझेल जास्त पिते.

बॅटरीचा लाल दिवा

चित्र बॅटरीचं असलं तरी दुखणं बहुधा चार्जिंगचं असतं: बेल्ट, अल्टरनेटर (बेल्टवर फिरून वीज तयार करणारा) किंवा त्याची वायर. आधी बोनेट उघडून बेल्ट जागेवर आहे का ते बघा. तो तुटला असेल आणि पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापेल, गाडी हलवू नका. बेल्ट शाबूत असेल तर एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा डीफॉगर, म्युझिक बंद करून जवळच्या गॅरेजकडे निघा. वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा स्टार्ट होईलच असं नाही. दिवसा चांगली बॅटरी अर्धा तास तरी साथ देते, हेडलाइट लावल्यावर त्याहून कमी. शेवटी शेवटी इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं, त्याची तयारी ठेवा.

मल्टिमीटर असेल तर निदान घरीच होतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो, तिथे हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजा.

ब्रेकचा लाल दिवा आणि पिवळा एबीएस

हँडब्रेक पूर्ण सोडूनही लाल दिवा राहिला तर ब्रेक ऑइलची डबी बघा. पातळी खाली गेली असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठे गळतंय. पॅड झिजतात तसा त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल त्याच्या मागे जातं. म्हणून नुसतं ऑइल ओतून दिवा घालवू नका, आधी पॅडची जाडी बघा. वरपर्यंत भरलं आणि मग नवीन पॅड टाकले तर पिस्टन मागे ढकलताना डबी ओसंडते, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पॅडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल तर गाडी जागची हलवायची नाही.

एकटा पिवळा एबीएस लागला तर साधे ब्रेक चालतात, पण जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. बहुतेकदा चाकाजवळचा सेन्सर मळलेला किंवा त्याची वायर तुटलेली असते. लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस एकत्र लागले तर मामला गंभीर: पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते.

चेक इंजिन

स्थिर दिव्यात गाडी नीट ओढत असेल तर चालवा, पण एक-दोन दिवसांत स्कॅन करून घ्या. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. अॅक्सिलरेटर सोडा, वेग कमी करा आणि लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी उभी करा. स्पार्क प्लग किंवा कॉइल यांचं किरकोळ काम अंगावर काढलं की त्यापेक्षा कितीतरी महागडा कन्व्हर्टर जातो.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी (गाडीने स्वतःच नोंदवलेले दोष वाचायचं) सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर दोषाचा कोड वाचता येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी, पी०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं गरम होत नाही. पण कोड भाग बदलायला सांगत नाही. ताप आलाय हे थर्मामीटर सांगतं, कशाने ते नाही, तसंच हे. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे बरेच असतात, आणि खरं कारण निघतं इनटेकच्या फाटक्या होजमधून शिरणारी हवा. पी०३०१ साठी सोपी युक्ती आहे. इंजिन बंद आणि थंड असताना पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा, थोडं चालवून पुन्हा कोड वाचा. पी०३०२ आला तर कॉइल खराब, पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळा.

कोड पुसण्याआधी त्याचा आणि सोबतच्या फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्या. दोष घडला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान त्यात नोंदलेलं असतं. बॅटरीची वायर काढून दिवा घालवला तर बऱ्याच गाड्यांत हा पुरावाही जातो.

बाकीचे, थोडक्यात

एअरबॅगचा दिवा राहिला तर अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. बऱ्याचदा पुढच्या सीटखालचं पिवळं कनेक्टर सैल झालेलं असतं, पण ते चावी ऑन असताना हलवू नका. हे काम माहितगारालाच करू द्या.

आडव्या कापलेल्या टायरमध्ये उद्गारचिन्ह म्हणजे हवा कमी. टायर थंड असताना हवा भरा. काही गाड्यांत त्यानंतर रीसेट करावं लागतं. हाच दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर बिघाड सेन्सर यंत्रणेत आहे.

घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय म्हणजे ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) काम करतेय, रस्ता निसरडा आहे, वेग कमी करा. स्थिर राहिला तर यंत्रणा बंद आहे.

डिझेल गाडीत पिवळ्या गुंडाळीचा दिवा (सिलिंडर आधी तापवणारे ग्लो प्लग चालू आहेत) विझेपर्यंत स्टार्टर मारू नका. फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर फिल्टर त्याच दिवशी ड्रेन करा, पाणी इंजेक्टर खातं. डीपीएफचा दिवा स्थिर असेल तर मोकळ्या रस्त्यावर साधारण २० मिनिटं, २,००० आरपीएमच्या वर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने चालवा आणि मध्ये इंजिन बंद करू नका.

उरलेले काटे

पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असतो, टाकीचं झाकण त्या बाजूला. काटा रिझर्व्हवर नेऊन चालवायची सवय वाईट: टाकीतला पंप इंधनानेच गार राहतो. चढावर आणि उतारावर टाकीतला फ्लोट तिरका होतो, म्हणून इंधन सपाटीवर वाचा.

स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, पण जास्त दाखवू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीनुसार कारमध्ये ही मुभा खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. जीपीएसवर ताशी ९५ आणि काट्यावर १०० दिसणं म्हणूनच नेहमीचं. मात्र मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते आणि हा फरक संपतो. व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर काटा १०० वर असताना गाडी आधीच शंभरच्या आसपास पळत असते. टायर बदलल्यावर एकदा जीपीएस लावून पडताळा घ्या.