सुळका चढण्याआधी उतरायला शिका

गडकिल्ल्यांची भटकंती अंगवळणी पडली आहे, राजगड-तोरणा आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट करून झाली आहे, आणि आता तैलबैल्याच्या भिंती किंवा जीवधनशेजारची वानरलिंगी डोळ्यांसमोरून हलत नाही, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. बूट कोणते घ्यावेत, पाणी किती न्यावे, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरते. मला मुख्यतः दोरावरून उतरण्याविषयी सांगायचे आहे. कारण या छंदात येणारे बहुतेक जण जिला सर्वांत सोपी समजून सुरुवात करतात ती ही गोष्ट मला सर्वांत उशिरा आणि सर्वांत कष्टाने समजली, आणि तिची धास्ती अजूनही पुरती गेलेली नाही.

कडे चढण्या-उतरण्याचे आपल्याला नवल नाही. १६७० मध्ये कोंढाणा घेतला तो कडा चढूनच, आणि रायगडाच्या हिरकणीची कथा तर चढण्याची नसून अंधारात कडा उतरण्याची आहे. परंतु तिथे लढाईची निकड होती किंवा घरच्या तान्ह्याची ओढ होती. वर काहीही काम नसताना निव्वळ चढण्यासाठी चढायचे, ही रीत युरोपातल्या आल्प्समध्ये रुजली. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६० मध्ये माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखराच्या माथ्यावर जाणारी वाट शोधून काढणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ते मिळवायला २६ वर्षे जावी लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी पायथ्याच्या शामोनी गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि डोंगरातले स्फटिक शोधणारे जाक बाल्मा माथ्यावर पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी सोस्यूर स्वतः उपकरणे घेऊन वर गेले. विज्ञानाचे निमित्त पुढे हळूहळू मागे पडले. १८५७ मध्ये लंडनला अल्पाइन क्लब स्थापन झाला, तोवर वकील, पाद्री, प्राध्यापक अशी सुट्टी आणि पैसा दोन्ही असलेली मंडळी या नादाला लागली होती, आणि त्यांना वर नेणारे मात्र त्या त्या खोऱ्यातले स्थानिक लोक होते. शामोनीत तर अशा मार्गदर्शकांची संघटना १८२१ पासूनच होती. मोहरीहून बोराट्याच्या नाळेने लिंगाण्याकडे नेणारा गावकरी आणि शहरातून आलेला पाहुणा यांच्यातले नाते आजही फारसे वेगळे नाही. माथ्यावरच्या छायाचित्रात कोण असतो आणि कोण नसतो, तेही बदललेले नाही.

या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तारीख १४ जुलै १८६५ ही आहे. त्या दिवशी एडवर्ड व्हिंपर आणि त्यांचे सहा साथीदार आल्प्समधल्याच मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पहिल्यांदाच पोहोचले. उतरताना त्यांच्यातला सर्वांत अननुभवी, १९ वर्षांचा हॅडो घसरला आणि त्याच्या पुढे असलेल्या मिशेल क्रो या मार्गदर्शकावर आदळला. एकाच दोराला बांधलेले हडसन आणि डग्लस त्या हिसक्याने ओढले गेले, डग्लसच्या मागे दोर तुटला आणि चौघेही कड्यावरून खाली गेले. जो दोर तुटला तो त्यांच्याजवळच्या दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता. त्याचा तुकडा शिखराच्या पायथ्याशी असलेल्या झेरमाट गावच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. हॅडो माथ्यावर पोहोचला होता, हे मात्र नीट लक्षात घ्या. वर जाताना त्याला सतत मदत मिळत होती, आणि उतरताना तर क्रो त्याचे पाय हाताने धरून एकेक करून खडकावर ठेवून देत होता. कोणाच्या तरी आधाराने माथा गाठता येतो. उतरताना तोच आधार अपुरा पडतो, कारण पकड डोळ्यांसमोर नसून पायांखाली असते, मांड्या थरथरत असतात, उजेड कमी होत जातो आणि ‘झाले एकदाचे’ म्हणून मनाने पाठपिशवी आवरायला घेतलेली असते.

उतरण्याचे तंत्र घडवायला माणसांना बराच काळ लागला. दोर दुहेरी करून त्यावरून उतरायचे आणि खाली पोहोचल्यावर तो ओढून घ्यायचा, या पद्धतीचे श्रेय शामोनीचेच मार्गदर्शक जाँ शार्ले-स्त्रातों यांना दिले जाते. १८७९ मध्ये पेती द्रू या सुळक्यावर पहिली यशस्वी चढाई करणाऱ्यांत ते होते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये भार येताच दोराला आवळून धरणाऱ्या ज्या गाठीची माहिती प्रसिद्ध केली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले आणि तागाच्या दोरांचा जमाना संपला. भारतात हिमालयन क्लब १९२८ चा, तर एव्हरेस्टच्या १९५३ च्या यशानंतर दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची. मुंबईची गिरिविहार ही संस्थाही त्याच वर्षीची आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये सुरू झाली.

आता त्या सापळ्याविषयी. आपल्याकडे बहुतेकांची दोराशी पहिली भेट पावसाळ्यातल्या धबधब्यावर किंवा नागफणीसारख्या कड्यावर, शनिवार-रविवारच्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून उतरण्याच्या, कार्यक्रमात होते. तिथे दोर आधीच लावलेला असतो. कोणीतरी तुमचे हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आवळतो, कोणीतरी डिसेंडरमध्ये (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या उपकरणात) दोर ओवून देतो, वरून एक जण दुसरा सुरक्षादोर धरून बसलेला असतो, आणि तुम्ही फक्त मागे झुकून पाय भिंतीला लावायचे असतात. भीती वाटते, ती ओसरते, खाली टाळ्या पडतात. या कार्यक्रमांत वाईट काही नाही. व्यवस्थित आयोजक असेल तर ते सुरक्षितही असतात. परंतु ज्या आयोजकाकडे मी असे कार्यक्रम केले, त्याने शेवटी हातात प्रमाणपत्र दिले आणि त्यावर ‘रॅपलिंगचे प्रशिक्षण पूर्ण’ असे छापलेले होते. त्या एका ओळीवर माझा अजूनही राग आहे. अशा दिवशी माणसाला उतरवले जाते. त्याने उतरणे ही निराळी बाब आहे, आणि तो फरक कागदावर कुठेच दिसत नाही.

मला तो फरक एका सुळक्याच्या मधल्या कोपऱ्यावर कळला. जेमतेम दोन माणसे आखडून उभी राहतील एवढी जागा, कातळात ठोकलेले दोन बोल्ट आणि त्यांतून ओवलेली साखळी. आमच्या गटातले ज्येष्ठ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी दोराचे भेंडोळे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “चल, पुढचा टप्पा तू लाव.” दोराचा मध्य कुठे आहे, तो कशातून ओवायचा, टोके कशी सोडायची, स्वतःला आधी कुठे अडकवायचे, यांतले काहीही माझ्या हातांनी कधी केलेले नव्हते, तोवर ते सारे माझ्या पाठीमागे, दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी घडत आले होते. दादा रागावले नाहीत. त्यांनी भेंडोळे परत घेतले, एकेक गोष्ट बोलून दाखवत केली, आणि खाली पोहोचल्यावर तेवढेच सांगितले की पुढच्या रविवारी पायथ्याच्या दगडावर यायचे, वर नाही.

पायथ्याच्या त्या दगडावर जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते, मात्र केवळ वाचून ते करू जाऊ नये. सर्वप्रथम स्वतःची स्लिंग (हार्नेसला जोडलेली मजबूत पट्टी) अँकरला, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधाराला, अडकवायची आणि तिच्यावर भार देऊन पाहायचा. बाकी सर्व त्यानंतर. अँकर म्हणजे एकच बोल्ट कधीही नव्हे. एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन बिंदू हवेत, आणि दोहोंवर भार सारखा वाटला जायला हवा. सह्याद्रीत पावसाळे सोसलेले बोल्ट बाहेरून ठीक दिसतात आणि आतून गंजलेले असतात, म्हणून जुन्या लोखंडावर भाबडा विश्वास ठेवू नये. दोर ओवल्यावर त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जाड गाठ मारायची. या गाठीला कंटाळू नका. दोर पुढच्या थांब्यापर्यंत पोहोचत नसेल, किंवा त्याची एक बाजू आखूड राहिली असेल, तर त्या गाठीशिवाय माणूस टोकावरून सरळ निसटतो. आणि हे नवख्यांपेक्षा अनुभवी, घाईत असलेल्या लोकांच्या बाबतीत अधिक घडलेले आहे. डिसेंडरच्या खाली, हार्नेसला जोडलेली प्रुसिक गाठ ठेवायची, म्हणजे खालचा हात सुटला तरी दोर धरला जातो. केस आणि ओढणी आत खोचायची. डिसेंडरमध्ये केस ओढले गेले की कड्याच्या मध्यावर लटकून ते सोडवणे किती अवघड असते, ते एकदा पाहिले की वेणी बांधायला कोणी सांगावे लागत नाही. आणि डिसेंडरवर पूर्ण भार आला, प्रुसिक धरते आहे हे दिसले, की मगच अँकरची स्लिंग सोडायची.

याहूनही जोखमीचा क्षण पुढच्या थांब्यावर येतो, आणि त्याविषयी नवख्यांना फारसे कोणी सांगत नाही. तिथे पोहोचल्यावर माणूस दमलेला असतो, पायांखाली जरा जागा असते, आणि हात सवयीने थेट डिसेंडरकडे जातो. आधी स्लिंग नव्या अँकरला, मग तिच्यावर भार, मग डिसेंडर मोकळा, मग वरच्यासाठी ‘रोप फ्री’ची, म्हणजे दोर मोकळा झाल्याची, आरोळी, हा क्रम कधीही उलटायचा नाही. मी हा क्रम आजही तोंडाने पुटपुटते, आणि सोबत्यांना ते हास्यास्पद वाटत असले तरी माझी हरकत नाही. सर्व जण खाली आले की टोकांच्या गाठी सोडायच्या, दोर कोणत्या बाजूने ओढायचा हे आठवायचे (ते शेवटच्या माणसाने निघण्यापूर्वीच ओढून पाहिलेले असावे), आणि पुढच्या टप्प्यासाठी लागणारे टोक अँकरला अडकवून ठेवायचे. दोर वर एखाद्या भेगेत अडकला तर त्यावर चढून जाण्याचा मोह होतो. तो खरोखर टाळा; दुसरे टोक कशात अडकले आहे हे तुम्हाला खालून दिसत नाही.

हे वाचून कोणी छंदच सोडून देऊ नये. वरचा क्रम रविवारच्या काही सरावांत हातात बसतो, आणि एकदा बसला की चढाईची मजा दुप्पट होते, कारण परतीची चिंता डोक्यातून जाते. सह्याद्रीचा बेसॉल्ट वेगळाच आहे. एका थरात कातळ इतका घट्ट की बोटाच्या पेराएवढी खोबणही शरीराचा भार तोलते, आणि वरच्याच थरात मुरूम असा की हात लावताच तुकडा हातात येतो. अशा टप्प्यावर प्रत्येक पकड ठोकून तिचा आवाज ऐकावा लागतो; पोकळ आवाज आला की हात सरकवायचा. त्या वेळी कार्यालय, हप्ते, परीक्षा यांतले काहीही मनात उरत नाही. समोरचा वीतभर दगड आणि आपला श्वास एवढेच असते. माझ्या मते लोक अडीचशे वर्षे यासाठीच डोंगरांकडे जात आले आहेत. ‘तो तिथे आहे म्हणून’ हे एव्हरेस्टवर का जायचे या प्रश्नाला गिर्यारोहक मॅलरींच्या नावावर सांगितले जाणारे उत्तर मला कधीच पुरेसे वाटले नाही. शिवाय इथे गुणफलक नसतो. अर्ध्यातून परत फिरलात तरी तुम्हाला कोणी हरवलेले नसते, आणि अंगाने किरकोळ असलेली माणसे दंड फुगवणाऱ्यांपेक्षा हलकेपणाने चढून जातात, हे मी वारंवार पाहिले आहे.

शिक्षकाविषयी माझे मत थोडे कडक आहे. जो तुम्हाला पहिल्याच महिन्यात मोठ्या सुळक्यावर न्यायला तयार असतो, त्याच्यापासून लांब राहावे. जो दोर गुंडाळायला, वाळवायला आणि बोटांनी चाचपून त्यातला दबलेला भाग शोधायला लावतो, तो चांगला. त्याला ‘शेवटचे कधी आणि का परत फिरलात’ असे विचारा. उत्तर देता आले नाही, तर तो एकतर नवखा आहे किंवा लपवतो आहे. चित्रफिती पाहून गाठी शिकता येतात, पण गाठ चुकली आहे हे चित्रफीत सांगत नाही. उपकरणांच्या खरेदीची घाई करू नका: स्वतःचे हेल्मेट, हार्नेस आणि एक-दोन स्लिंग पुरेत, आणि ती कोणाची वापरलेली घेऊ नका. रॅपलिंगचा न ताणला जाणारा दोर घेऊन कोणी पहिल्या चढाईला निघाला तर त्याला अडवा. पडणाऱ्या आरोहकाचा हिसका शोषण्यासाठी ताणला जाणारा दोरच लागतो.

हिमालयातल्या संस्थांचा साधारण चार आठवड्यांचा बेसिक अभ्यासक्रम जरूर करावा. त्याच्या जागा फार आधी भरतात, आणि पुढच्या अ‍ॅडव्हान्स अभ्यासक्रमासाठी बेसिकमध्ये ‘ए’ श्रेणी लागते. मात्र ती श्रेणी मिळाली म्हणजे सह्याद्रीचा मुरूम कळला असे होत नाही. बर्फावर शिकलेल्यांना इथल्या घसाऱ्याने भांबावून सोडल्याची उदाहरणे आहेत. आणि आग्यामोहोळाविषयी कोणताही अभ्यासक्रम पुरेसे सांगत नाही. कड्यावर पोळे दिसले तर तो मार्ग त्या दिवसापुरता सोडून द्यावा. अत्तर लावू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये, आणि कोणत्या भिंतीवर पोळी आहेत हे पायथ्याच्या गावात आधी विचारावे, कारण ते तिथल्या लोकांना नेमके ठाऊक असते.

दिवाळीच्या सुमारास कातळ कोरडा होतो, आणि मुंबई, पुणे, नाशिक इथल्या संस्थांचे प्रस्तरारोहणाचे वर्ग त्यानंतर भरू लागतात. नाव नोंदवण्यापूर्वी शुल्क आणि जेवणाबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: उतरण्याचा दोर शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताने लावायला देतात का, आणि तो कोण तपासतो.