हॉस्पिटल ड्युटी असेल तर काढा कसा आणि कधी घ्यायचा

आधी एक क्लिअर करू, काढ्याने कोविडसारखा व्हायरस अडतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाहीये. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली, तेव्हा हाँगकाँगच्या ११ हॉस्पिटलांतल्या १०६३ स्टाफने चिनी वनस्पतींचं मिश्रण २ आठवडे घेतलं, त्यांच्यात एकालाही सार्स नाही आणि न घेणाऱ्यांत ०.४ टक्के. ऐकायला भारी, पण ०.४ टक्के म्हणजे हजारात ४ जण, आणि कोण घेणार, कोण नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलंच नव्हतं, म्हणजे फरक मिश्रणामुळेच पडला असं म्हणता येत नाही. त्यामुळे मास्क, हात धुणं, लस हे आहेच, काढा वरून.

करायचा कसा, तर आयुष मंत्रालयाचं २०२० चं प्रमाण सोपंय. सुकी तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. म्हणजे ४०, २०, २० आणि १० ग्रॅम घेतलं की ९० ग्रॅम झालं, एका वेळी ३ ग्रॅम धरलं तर ३० कप. जाडसर कुटा, अगदी पीठ केलं तर गाळणीतून खाली उतरतं आणि शेवटचा घोट चिखल लागतो. १५० मिली उकळतं पाणी ओता, थोडा वेळ झाकून ठेवा, गाळा, गूळ किंवा लिंबू हवं तर घाला. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. जास्त प्यायलं की जास्त फायदा असं काही नसतं, पोटात आग मात्र होते.

वरून मनाने काही टाकू नका हं. ज्येष्ठमध रोज घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं. गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि "आयुर्वेदिक आहे, काय होतंय" असं म्हणू नका.

आता कधी प्यायचा, कारण खरी गडबड इथेच होते. ब्रेकमध्ये पॅन्ट्रीत एक थर्मास, सहा कप, सहाही मास्क हनुवटीवर आणि गप्पा सुरू, म्हणजे वॉर्डात आठ तास सांभाळलं ते दहा मिनिटांत घालवलं. घरून पिऊन निघा, नाहीतर ड्युटी संपल्यावर प्या. मध्येच हवा असेल तर हात धुवून, खिडकीपाशी, एकट्याने.

अंग दुखतंय, घसा खवखवतोय तर कप वाढवू नका, टेस्ट करा आणि इनचार्ज सिस्टरना त्याच दिवशी सांगा.