वेडिंग प्लॅनर घ्यावा का? आधी एक कागद घ्या

ताईच्या लग्नात मी मंगलाष्टकं ऐकलीच नाहीत. वऱ्हाडाची दुसरी बस भलत्याच कार्यालयापुढे जाऊन थांबली होती आणि मी गेटवर उभा राहून ड्रायव्हरला फोनवर रस्ता सांगत होतो, आत "सावधान" झालं, टाळ्या वाजल्या, माझ्या मुठीत अक्षता तशाच. कानपिळीला तेवढा पोचलो. तेव्हापासून घरात कुणाचं लग्न ठरलं की प्लॅनर घ्यायचा का हे मला विचारतात, आणि मी पैशाचं नंतर बोलतो, आधी कागद काढायला सांगतो.

कागदावर फक्त लग्नाचा दिवस घ्या, पहाटे ५ पासून सामान परत गाडीत चढेपर्यंत. मग सुचेल तसं लिहीत जा: फुलवाला आला का बघणं, खोल्यांच्या चाव्या, वऱ्हाडाचा चहा-नाश्ता, गुरुजींना पूजेचं साहित्य काढून देणं, मानपानाच्या साड्यांची बॅग, आहेराची पाकिटं कुणाच्या ताब्यात, मेकअपवालीला वेळेची आठवण, अंतरपाट धरायला दोघं, विहिणीची पंगत, शेवटी रुखवत आवरणं. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव. नवरा-नवरी आणि दोघांचे आईवडील यांची नावं कुठेच लिहायची नाहीत, त्यांना त्या दिवशी विधींतून डोकं वर काढता येत नाही. मुलीच्या मामाचंही नाव मुहूर्ताच्या आसपास नको, कारण नवरीला मांडवात आणायचं काम त्याचं, तो पार्किंगमध्ये गाड्या लावत बसला तर कसं चालेल.

आता कागद बघा. एका तासात एकच नाव तीन-चार कामांपुढे येतंय का? आमच्याकडे सकाळी ९ ते १२ सगळीकडे माझंच नाव निघालं असतं, पण कागद केला कुणी होता! नावं नीट वाटली गेली, आणि ती माणसं खरंच पहाटे उठणारी आणि फोन उचलणारी असली, तर प्लॅनर नको. नावं पुरत नसली तरच पुढचं वाचा.

पुरत नसली तरी लगेच पूर्ण प्लॅनर लागतोच असं नाही बरं का. पुण्यात बऱ्याच मंगल कार्यालयांत जेवण त्यांच्याच केटररचं असतं, कुठे कुठे डेकोरेशनवालाही त्यांचाच, गुरुजीसुद्धा पॅकेजमध्ये मिळतात, म्हणजे प्लॅनरने ठरवायचं ते निम्मं कार्यालयानेच ठरवून ठेवलंय आणि तुम्ही त्याचेच परत पैसे देणार. आपल्याच गावात, एका दिवसाचं, अडीचशे-तीनशे पानाचं लग्न असेल तर त्या दिवसापुरता कोऑर्डिनेटर घ्या. ठरवाठरवी तुमची, धावपळ त्याची. माझ्या मते बहुतेक मराठी घरांना एवढंच हवं असतं, फक्त हे असं मिळतं हेच माहीत नसतं.

पूर्ण प्लॅनर कधी घ्यावा? लग्न अलिबागला किंवा गोव्यात आहे आणि तिथला मांडववालाही तुमच्या ओळखीचा नाही. किंवा मुलगा-मुलगी दोघं परदेशात, सुट्टी तीन आठवड्यांची, आणि इकडे आईबाबांना गुडघेदुखी. किंवा हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन असे तीन दिवस तीन जागा. इथे हट्टाने स्वतः करू नका, भांडणं होतात. फक्त तारखेचं आधी बघा, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की चांगल्या जागा पटापट जातात, आणि गेलेली तारीख प्लॅनरलाही परत आणता येत नाही.

आता पैसे. कुणी ठरावीक रक्कम घेतं, कुणी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर. टक्क्यांवाल्याचा एक घोळ असा की खर्च वाढला की त्याची फी पण वाढते, मग तो स्वस्त फुलं कशाला सुचवेल. समजा १० लाखांच्या खर्चावर १० टक्के ठरले, तर १ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख १८ हजार. हा आकडा तोंडी न घेता लिहून घ्या. डेकोरेटर-फोटोग्राफरकडून कमिशन घेता का हे सरळ विचारा, लाजू नका, आणि त्यांची बिलं तुमच्या नावावर मागा.

भेटायला गेलात की अल्बम बघण्यात वेळ घालवू नका, सगळ्यांचे अल्बम सुंदरच असतात. विचारा की त्या दिवशी कार्यालयात प्रत्यक्ष कोण उभं राहणार, कारण मीटिंगला येतो मालक आणि लग्नाला पाठवतो दोन नवीन पोरं. संगीत असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात, त्याचं प्लॅनिंग कसं करता ते विचारा. आणि माझा आवडता प्रश्न: मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा आहे, फोटोग्राफर नवरीला अजून खोलीत अडवून बसलाय, तुम्ही काय कराल? "ॲडजस्ट करू" म्हणाला तर चहा पिऊन उठा. त्याला संध्याकाळच्या, तासभर इकडे-तिकडे चालणाऱ्या लग्नांची सवय आहे, आपल्याकडे गुरुजी घड्याळ बघत असतात आणि हॉलभर लोक अक्षता धरून उभे.

काही कामं मात्र कितीही पैसे दिले तरी घरचीच. कुणाला कुठली साडी, कुठल्या आत्याला आधी नमस्कार, कुठल्या दोन काकांना एका पंगतीत बसवायचं नाही, हे बाहेरच्याला काय कळणार, त्यासाठी घरातली एक जाणती बाई त्या कोऑर्डिनेटरच्या जोडीला द्याच.

आणि लग्नाची नोंदणी. ती कुणी आपणहून करून देईल असं धरून चालू नका. फॉर्मवर तीन साक्षीदार लागतात आणि गुरुजींचीही सही लागते, तर फॉर्म आधीच आणून ठेवा आणि गुरुजी दक्षिणा घेऊन स्कूटरला किक मारायच्या आत सही घ्या. आम्ही विसरलो, मग महिन्याने मी आणि भावोजी त्यांचं घर शोधत कसब्यातल्या गल्ल्यांमधून फिरत होतो, ते दुसऱ्या लग्नाला गेलेले.