डोव्हकॉटचा सीपीयू खाणारा मेल: शोधा, बाजूला काढा, पॅच लावा

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल, पुढे मेल घेणारा पोस्टफिक्स आणि मागे तो मेलबॉक्समध्ये ठेवणारा डोव्हकॉट, तर आधी डोव्हकॉटची आवृत्ती बघा. २.२ मालिका आणि २.३.२१.१ च्या आधीची २.३ मालिका यांत सीव्हीई-२०२४-२३१८४ (सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीतला क्रमांक) हा दोष आहे. लॉगिन लागत नाही. बाहेरून कुणीही पत्त्यांच्या लाखो ओळींचा एक मेल पाठवला की पुरे, सीपीयू त्यातच अडकतो.

मेलच्या हेडरमध्ये फ्रॉम, टू, सीसी अशा पत्त्यांच्या ओळी असतात. जुना डोव्हकॉट प्रत्येक नवा पत्ता यादीच्या शेवटी जोडतो आणि तो शेवट शोधायला दर वेळी यादीच्या तोंडापासून निघतो. त्र्यंबकेश्वरच्या रांगेत नव्या माणसाने गाभाऱ्यापासून चालत शेपूट गाठावं, तसं. म्हणून एक लाख ओळींना १२ सेकंद लागतात, तर पाच लाखांना १८ मिनिटं. ओळी पाचपट, वेळ नव्वदपट.

पुष्कळांची फसगत पुढे होते. पोस्टफिक्समध्ये मेलच्या आकाराला मुळातच सुमारे १० एमबीची मर्यादा असते, त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण दहा अक्षरांच्या पाच लाख ओळी पाच एमबीतच बसतात. हेडर साइज लिमिटनेही हा हल्ला अडत नाही. ती एकेका हेडरला लागते, हेडरच्या संख्येला नाही.

लक्षण ओळखणं सोपं आहे. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये एलएमटीपी (पोस्टफिक्सकडून डोव्हकॉटला मेल देण्याचा मार्ग) किंवा आयमॅपची (मेलबॉक्स वाचण्याचा मार्ग) एक प्रोसेस एक कोर १०० टक्के धरून बसते. एलएमटीपीवर उत्तराची वाट बघून पोस्टफिक्स दहा मिनिटांनी कंटाळतो, मेल क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, ठेवतो आणि पुन्हा पाठवतो, म्हणून रीस्टार्ट करूनही त्रास परत येतो. क्यूची यादी काढा, संशयित मेलचे फक्त हेडर पोस्टकॅटने बघा, ओळी मोजा आणि पोस्टसुपरने तो मेल होल्डवर टाका, म्हणजे रोखून ठेवा. मेलबॉक्समध्ये पोचला असेल तर फाइल मेलडिरच्या (मेलच्या फाइली असलेल्या फोल्डरच्या) पूर्ण बाहेर हलवा. जंक फोल्डरमध्ये नको, तिथेही डोव्हकॉट ती वाचणारच. पुसूही नका, पुरावा लागतो.

पॅच लागेपर्यंत चार कोरच्या मशीनवर एलएमटीपीची प्रोसेस लिमिट ३ ठेवा आणि पोस्टफिक्सच्या बाजूची एलएमटीपी कॉन्करन्सीही, म्हणजे एकाच वेळच्या जोडण्या, ३ वर आणा. असे तीन मेल आले तर डिलिव्हरी थांबेल, पण बाकीचे मेल क्यूमध्ये सुखरूप राहतील आणि एसएसएचने आत शिरायला एक कोर मोकळा सापडेल. व्हीएसझेड लिमिट, म्हणजे डोव्हकॉटच्या एका प्रोसेसची मेमरीची मर्यादा, शून्य केली असेल तर ती परत २५६ एमबी करा. सोबतच्या सीव्हीई-२०२४-२३१८५ या दोषात अवाढव्य हेडर मेमरी खातो, त्याला हाच लगाम आहे. सीपीयूवर मात्र तिचा परिणाम नाही.

आरएफसी ५३२२ या ईमेलच्या रचनेच्या मानकाप्रमाणे फ्रॉम, टू, सीसी हे हेडर एका मेलमध्ये एकेकदाच यायला हवेत. त्यामुळे मिल्टरमध्ये (पोस्टफिक्सला जोडलेल्या मेल गाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) दहाच्या वर मोजणी गेली की मेल नाकारायला हरकत नाही.

खरा इलाज अपडेट हाच. डेबियन १२ वर २.३.१९.१ दिसलं म्हणून घाबरू नका. तिथे दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत मागून घातलेली असते, तेव्हा पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा. कोअर, आयमॅपडी आणि एलएमटीपीडी ही पॅकेजेस एकदमच चढवा. आधी कॉन्फिगरेशनची प्रत काढा. घाईत २.४ वर उडी मारू नका, तिथलं कॉन्फिगरेशन बदललेलं आहे आणि जुनी फाइल जशीच्या तशी चालत नाही. शेवटी रीलोड नाही, पूर्ण रीस्टार्ट. रीलोडनंतर आधीच्या प्रोसेस जुनाच कोड घेऊन चालू राहू शकतात.

द्राक्ष निर्यातदारांनी हे काम रात्री करावं. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात कंटेनरची कागदपत्रं दिवसभर मेलवर फिरत असतात, आणि रीस्टार्टला सगळ्यांचे आउटलुक क्षणभर तुटतात.