जॉन जे यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा अभ्यास कसा करावा

अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे (१७४५–१८२९) यांच्या श्रद्धेचा विषय निघाला की बहुधा एकच वाक्य पुढे केले जाते: राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार ईश्वराने आपल्या लोकांना दिला आहे आणि आपल्या ख्रिस्ती राष्ट्राने ख्रिस्ती राज्यकर्त्यांना पसंती द्यावी. या वाक्याचा कोणी अभिमानाने उल्लेख करतो, तर कोणी त्याचा आरोपपत्रासारखा वापर करतो. ते ज्या पत्रात आहे ते मात्र फारसे कोणी वाचत नाही. अभ्यासाची सुरुवात त्या पत्रापासूनच करावी.

पत्र १२ ऑक्टोबर १८१६ चे असून ते जॉन मरे या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) गृहस्थांना लिहिलेले आहे. क्वेकर पंथीयांना कोणतेही युद्ध मान्य नसते, आणि शुभवर्तमान युद्धाला सरसकट मनाई करते काय, हाच या पत्रव्यवहाराचा विषय होता. जे यांचे उत्तर नकारार्थी होते. १८१८ मध्ये त्यांनी मरे यांनाच आणखी सविस्तर पत्र लिहून न्याय्य युद्धाची बाजू मांडली. १८१६ च्या मूळ पत्रातील युक्तिवाद असा आहे की, खरे ख्रिस्ती इतरांच्या हक्कांवर आक्रमण करीत नाहीत, म्हणून ते युद्धालाही चिथावणी देत नाहीत. बहुतेक राष्ट्रांचे युद्ध वा शांतता मात्र न निवडलेल्या शासकांच्या मर्जीवर ठरते. आणि त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येते. संदर्भ कळल्याने त्या वाक्याची धार बोथट होते असे मात्र समजू नये. जेदिदाया मोर्स या धर्मोपदेशकांना लिहिलेल्या पत्रातही अश्रद्ध राज्यकर्त्यांना मत द्यावे काय हा प्रश्न जे यांनी उपस्थित केला होता आणि त्यासाठी बायबलमधील यहोशाफाट व अहाब यांचा दाखला दिला होता; अहाब या अधर्मी राजाला साथ दिल्याबद्दल यहोशाफाट राजाला संदेष्ट्याने खडसावले होते.

त्यानंतर घराण्याकडे वळावे. फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा नांतचा फतवा १६८५ मध्ये रद्द झाल्यावर त्यांचा जो छळ झाला, त्यामुळे जे यांच्या ह्युगेनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) आजोबांना ला रोशेल हे फ्रेंच शहर सोडावे लागले होते. ही आठवण लक्षात घेतल्याशिवाय १७७७ सालचा प्रसंग नीट उमगत नाही. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्यांत जॉन जे प्रमुख होते, आणि पोपच्या सत्तेविषयी विशिष्ट शपथ घेतल्याखेरीज कॅथलिकांना नागरी हक्क मिळू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. ती सूचना फेटाळली गेली. परंतु परदेशातून येऊन नागरिकत्व मागणाऱ्याने धार्मिक बाबतींतही परकीय सत्तेवरील निष्ठा सोडावी, ही अट मान्य झाली. छळामुळे परागंदा झालेल्यांच्या नातवाने इतरांसाठी अशा अटी सुचवाव्यात, ही गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवण्यासारखी नाही.

गुलामगिरीच्या बाबतीत त्यांची धर्मभाषा आणि आचरण शेजारी ठेवून तपासावे. १७८० मध्ये स्पेनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते की, गुलाममुक्तीचा मार्ग स्वीकारेपर्यंत अमेरिकेने स्वातंत्र्यासाठी केलेल्या प्रार्थना ईश्वराचा अवमान ठरतील. १७८५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १७९९ चा क्रमिक मुक्तीचा कायदा ते गव्हर्नर असताना संमत झाला. तरीही त्यांच्या घरी गुलाम होते. आपण गुलाम विकत घेतो आणि त्यांच्या सेवेतून पुरेसा मोबदला मिळाल्यावर त्यांना मुक्त करतो, असा त्यांचा खुलासा होता. तो श्रद्धाळू माणसाचा कमी आणि हिशेबी वकिलाचा अधिक वाटतो.

निवृत्तीनंतरच्या काळासाठी दोन गोष्टी पुरतात. एक म्हणजे बायबलच्या प्रसारासाठी स्थापन झालेली अमेरिकन बायबल सोसायटी: तिचे पहिले अध्यक्ष इलियास बुडिनॉट यांच्या मृत्यूनंतर १८२१ मध्ये जॉन जे तिचे अध्यक्ष झाले. दुसरी म्हणजे मृत्युपत्र, आणि माझ्या मते तोच सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे, कारण त्यात कोणाशी वाद घालायचा नव्हता. आरंभीच ते देवाचे आभार मानतात, विशेषतः त्याच्या प्रिय पुत्राद्वारे मिळालेल्या तारणाबद्दल. ईश्वराला केवळ सृष्टीचा कर्ता मानून थांबणाऱ्या माणसाची ही भाषा नव्हे. अंत्यविधीत डामडौल नको, शोक करणाऱ्यांना स्मृती म्हणून वाटल्या जाणाऱ्या अंगठ्या नकोत, त्याऐवजी गावातील एखाद्या गरीब, पात्र विधवेला किंवा अनाथाला दोनशे डॉलर द्यावेत, असे त्यात पुढे नमूद आहे.

पहिले मोठे चरित्र धाकटे पुत्र विल्यम यांनी १८३३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. ते वाचावेच, पण लेखक स्वतः बायबल सोसायटीच्या संस्थापकांपैकी होते, याचे भान ठेवून. वडिलांच्या धार्मिकतेविषयी त्यांनी लिहिलेले विधान जिथे निर्णायक वाटेल, तिथे कोलंबिया विद्यापीठात जतन केलेल्या जे यांच्या कागदपत्रांतील मूळ पत्र शोधावे आणि कोणाला व केव्हा लिहिले ते पाहूनच विधान उद्धृत करावे.