बटणवाला हँडब्रेक अडकला? मोटर बदलायच्या आधी या चुका टाळा

मीटरवर पिवळा लाइट लागला, बटण दाबून काही होईना, आणि गॅरेजवाला गाडीखाली न वाकताच सांगून मोकळा, "साहेब, मोटर गेली, कॅलिपरसकट टाकावं लागतंय." (कॅलिपर म्हणजे चाकाशी ब्रेकचे पॅड आवळणारा भाग.) आपल्याकडं २०२० च्या क्रेटात, २०२१ च्या एक्सयूव्ही७०० मध्ये वरच्या व्हेरियंटला लिव्हर जाऊन बटण आलं, आता यातल्या बऱ्याच गाड्यांची वॉरंटी संपत आलीय नाहीतर संपलीय, त्यामुळं हे वाक्य सोलापुरातपण कानावर यायला लागलंय. मोटर जात नाही असं नाही, जाते की. पण तिचा नंबर लई मागून लागतो. आधी बॅटरी, मग स्विच, मग कपलर (वायरीचा जोड) आणि वायर, आणि सगळ्यात शेवटी मोटर.

आत काय असतं ते एकदा समजून घ्या. बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही कॅलिपरच्या पाठीवर एकेक छोटी मोटर असते, ती गिअर फिरवते, गिअर स्क्रू फिरवतो, स्क्रूवरचा नट पुढं सरकून पिस्टनला आतून रेटतो आणि पॅड डिस्कला आवळतात. (काही गाड्यांत एकच मोटर दोन केबल ओढते, ते प्रकरण वेगळं.) करंट बंद झाला तरी स्क्रू जागचा हलत नाही, म्हणून बॅटरी मेली तरी लागलेला ब्रेक लागलेलाच राहतो, आणि म्हणूनच सुटतही नाही.

कान न लावताच निदान करणं

एकाला आत बसवा, इंजिन आणि एसी बंद, इग्निशन ऑन, पाय ब्रेकवर. गाडी सपाट जागेवर हवी आणि पुढच्या चाकांना दगड हवाच. आता त्याला बटणानं ब्रेक लावायला-सोडायला सांगा आणि तुम्ही मागच्या चाकाशी बसून ऐका. दोन्ही बाजूंनी सेकंद-दोन सेकंद घुंईं असा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूनं आला तर गप्प असलेल्या बाजूची वायर, कपलर किंवा मोटर. कुठूनच नाही आला तर मोटरचा विचार सोडा, दोन्ही मोटरी एकाच दिवशी मरत नसतात, तिथं बॅटरी, फ्यूज, स्विच बघायचा. आवाज येतोय पण चाक धरत नाही, तर आतला गिअर नाहीतर स्क्रू. एवढ्यातच निम्मं काम झालं, पैसा न घालवता.

बॅटरीकडं कानाडोळा

मोटर सुरू होताना झटक्यात बराच करंट खाते, तेवढ्यात व्होल्टेज पडला की मॉड्यूल (ब्रेक चालवणारा छोटा कॉम्प्युटर) काम अर्धवट सोडतं आणि फॉल्ट साठवून ठेवतं. गाडी रात्रभर उभी करून सकाळी बॅटरीला मल्टिमीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मीच, आणि इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे. सोलापूरच्या मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत उघड्यावर उभ्या गाडीची बॅटरी आतून खलास होते, पण ते कळतं डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात, आणि नाव येतं हँडब्रेकचं. नवीन बॅटरी बसवली की बऱ्याच गाड्यांत ब्रेक एक-दोनदा लावून-सोडून घ्यावा लागतो, तोपर्यंत लाइट जात नाही, ते पुस्तिकेत बघा.

स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवर विसंबणं

तो मुळात इंजिनचे कोड वाचतो. हँडब्रेकचे कोड एबीएस नाहीतर पार्किंग ब्रेकच्या मॉड्यूलमध्ये बसलेले असतात, सी नं सुरू होणारे, ते त्याला दिसतच नाहीत बहुतेक वेळा, आणि मग "कोड नाही म्हणजे गाडी ओके" असा निकाल लागतो. तिथपर्यंत पोचणारा स्कॅनर पाहिजे. एकदम चार-पाच मॉड्यूलमध्ये यू नं सुरू होणारे किंवा लो व्होल्टेजचे कोड दिसले तर परत बॅटरी आणि अर्थिंगकडं या. आणि कोड पुसायच्या आधी फोटो काढा राव, पुसून टाकल्यावर मग "काय होतं बरं" करत बसायचं.

ब्रेक सुटतच नसेल तर पेडलचा स्विच बघा. पेडल दाबल्याचं मॉड्यूलला कळलं नाही तर ते ब्रेक सोडत नाही. संध्याकाळी गाडी भिंतीकडं मागून लावा, पेडल दाबा, लाल उजेड पडतो का बघा. पडला म्हणूनही स्विच निर्दोष ठरत नाही, कारण बऱ्याच स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात आणि दुसरा गेलेला असू शकतो, तो स्कॅनरच्या लाइव्ह डेटात कळतो. हे बदलणं कॅलिपरच्या मानानं किरकोळ काम. बटणावर चहा सांडला होता का तेही घरात विचारून घ्या, कुणी आपणहून सांगत नाही. आणि ऑटो होल्ड (पेडल सोडलं तरी थांबलेली गाडी धरून ठेवणारी सोय) लागत नाही म्हणून गॅरेज गाठू नका, बऱ्याच गाड्यांत सीटबेल्ट नसला किंवा दार उघडं असलं की ते लागतच नाही.

कपलर न उघडताच कॅलिपरची ऑर्डर

परवा अक्कलकोट रोडला एका गॅरेजात एक गाडी बघितली, डावी बाजू एकदम गप्प. मिस्त्रीनं चाक काढून कपलर ओढला तर आत काळी माती वाळून बसलेली आणि एक पिन हिरवी पडलेली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, हवा मारली, पिन जरा आवळली, बटण ओढलं की घुंईं. पावसाळ्यात शेताचा रस्ता, नाहीतर सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्यांनी केलेला राडा, त्यावर वॉशिंग सेंटरचा प्रेशर, सगळं तिथंच जाऊन बसतं. वायर सस्पेन्शनबरोबर सारखी हलते, त्यामुळं वरून साबूत आणि आतून तुटलेलीपण असू शकते, आणि उंदीर-घुशी आहेतच.

मल्टिमीटर लावताना कपलर काढून लावू नका. मॉड्यूलला समोर मोटर दिसली नाही तर ते करंटच न देता फॉल्ट टाकू शकतं, मग तुम्ही वायरीला दोष देणार. कपलर जोडलेला ठेवून मागच्या बाजूनं बारीक पिन घालायची आणि बटण दाबायला सांगायचं. मोटर फिरायला हवी तेवढा वेळ १२ व्होल्टच्या आसपास येऊन गेले, सोडताना तेच उलट्या चिन्हानं आले आणि तरी मोटर गप्प, तेव्हा म्हणा मोटर गेली. तेव्हासुद्धा नुसती मोटर मिळते का विचारा. बऱ्याच कॅलिपरवर ती दोन स्क्रूवर बसलेली असते, ऑइलची लाइन उघडावीपण लागत नाही.

पॅड बदलताना सी-क्लॅम्प

सगळ्यात महाग चूक ही. पिस्टनच्या आत नट पुढं आलेला असतो, तसाच क्लॅम्प (आवळायचा शिकंजा) लावून दाबणं म्हणजे आटे असलेलं झाकण न फिरवता ठोकून बसवणं. स्क्रू वाकतो नाहीतर गिअरचे दात जातात. आधी स्कॅनरनं सर्व्हिस मोड लावायचा (काही गाड्यांत बटण-पेडलच्या ठराविक क्रमानंही लागतो), नट मागं गेला की मग पिस्टन हातानं किंवा क्लॅम्पनं सावकाश दाबायचा. पॅड काढलेले असताना चावी गाडीपासून लांब ठेवा. काही गाड्या इग्निशन बंद केलं की ब्रेक आपोआप लावतात, बोट आत असलं तर गेलंच. पॅड बसवून झाले की आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, मगच सर्व्हिस मोड बंद करा.

मोटरला बॅटरीवरून थेट वायर लावून ब्रेक सोडवणारे भेटतील. मॉड्यूल करंट बघून वेळेत थांबतं, वायर थांबत नाही, स्क्रू मागं जाऊन तिथंच जाम होतो. अगदीच नाइलाज असेल तर क्षणभर टच करून सोडायचं, आवाज जड झाला की बंद.

रस्त्यात अडकलात तर आधी जंप स्टार्ट करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं सुटतो. नाहीच सुटला तर टोचन लावून ओढू नका आणि पुढची चाकं उचलून नेणारी क्रेनही बोलवू नका, जाम झालेली चाकं मागची आहेत, टायर रस्त्यावर घासून जाईल. अख्खी गाडी वर घेणारा फ्लॅटबेडच सांगा. आणि लाइट लागलेला असताना तुळजापूरच्या घाटात गाडी उभी करायची वेळ आली तर गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.