‘पाइक’ कवितेचे विश्लेषण करताना या चुका टाळा

इंग्रज कवी टेड ह्यूज यांची ‘पाइक’ ही १९६० सालच्या ‘लुपरकल’ संग्रहातील कविता इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना सोपी वाटते आणि बहुतेक उत्तरे याच समजुतीमुळे फसतात. ‘कवीने निसर्गाचे क्रौर्य दाखवले आहे’ असे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकले, की पुढे लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. ते विधान चुकीचे नाही. पण अकरा कडव्यांपैकी पहिल्या सातांपलीकडे ते पोहोचत नाही.

काही उत्तरांत पाइक मासा शार्कसारखा पाण्यात धुमाकूळ घालतो. पाइक हा गोड्या पाण्यातला, पाणवनस्पतींच्या आड निश्चल दबा धरून बसणारा मासा आहे. ही निश्चलता ध्यानात आली नाही, तर गतवर्षीच्या काळ्या पानांवर पडून वर पाहत राहणारा तिसऱ्या कडव्यातला मासा निव्वळ वर्णन वाटतो आणि शेवटाशी असलेले त्याचे नाते सुटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे निवेदकाकडे दुर्लक्ष करणे. पहिल्या चार कडव्यांत माणूस नाहीच. पाचव्यात ‘आम्ही’ येतो, काचेमागे तीन पाइक ठेवतो आणि त्यांना माशांची पिल्ले खाऊ घालतो; आठव्यापासून एकटा ‘मी’ उरतो, तोही अखेरीस रात्रीच्या अंधारात. काचेच्या अलीकडून निर्धास्तपणे पाहणाऱ्यावर शेवटी दुसऱ्याच कशाची तरी नजर रोखलेली असते, आणि माझ्या मते कवितेचा खरा विषय ही उलटापालट आहे. विश्लेषण पहिल्या चार कडव्यांतच अडकले असेल, तर प्रत्येक कडव्यापुढे ‘कोण पाहतो, कोणाला?’ एवढे लिहून काढावे.

आकड्यांकडेही असेच दुर्लक्ष होते. तीन, चार आणि साडेचार इंच, दोन फुटांहून लांब आणि प्रत्येकी सहा पौंडांचे दोन मृत मासे, पन्नास यार्ड रुंदीचे तळे, असा कवी मोजमाप करत येतो. मग तळ्याची खोली सांगताना मात्र ती इंग्लंडइतकी आहे असे म्हणतो. येथे मोजपट्टी संपते. या ओळीत देशभक्ती शोधणे ही हमखास होणारी चूक आहे. ज्या मठाने या तळ्यातली कमळे आणि टेंच मासे आणले त्याचा एकही दगड आता दिसत नाही, आणि इंग्लंडमधील मठ १५३६ नंतर आठव्या हेन्रीच्या राजवटीत मोडीत निघाले, हे जोडून वाचले म्हणजे ही खोली काळाचीही आहे हे कळते.

रात्री गळ टाकण्याचे धाडस झाले नाही असे सांगून निवेदक लगेच गळ टाकतो, ही विसंगती कवीची चूक समजू नये. नकार एका कडव्याच्या अखेरीस आणि कृती पुढच्याच्या आरंभी आहे. भीती आणि ओढ यांच्यामध्ये तेवढी कोरी जागा सोडलेली आहे. अनुप्रासांची यादी देण्यापेक्षा अशा एका जागेवर चार वाक्ये लिहिणे अधिक मोलाचे ठरते.

शेवटी महाकाय पाइक पाण्याबाहेर येतो, असे पुष्कळजण लिहितात. कवितेत तसे नाही. रात्रीच्या अंधाराखालच्या अंधाराने मोकळे केलेले एक स्वप्न सावकाश निवेदकाकडे वर येते, त्याला पाहत. तिथे माशाचे नाव घेतलेले नाही. उत्तरात ‘पाइक वर आला’ असे वाक्य असेल, तर ते आधी खोडावे.